बंदी आणि बंडी

आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. मी पत्रक लिहिलं होतं, ‘जिल्हाबंदी उठवा!’ मेहकरच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने सवयीचा शब्द जुळवला, तपासताना मलाही तो खटकला नाही, आणि बीबीच्या बाजारात मी वाटत फिरलो ते ‘जिल्हाबंडी उठवा!’ लोक हसले. हसू द्या. खालचा मजकूर खरा होता. मी लिहिलं होतं: राजाने आधी किल्ला बांधला असं शाळेत शिकवतात. साफ खोटं! रोमचा असो, चीनचा असो, त्याने आधी नाका बांधला. किल्ला नाक्याच्या पैशातून उठला.

त्या वर्षी ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला सरकारची मनाई होती. नव्या राशीचं पहिलं पोतं लेकीच्या घरी, ही आमची रीत. बहिणीचं सासर हद्दीपलीकडे, नाक्यावरून दिसणारं. तिकडे पीक बुडालेलं. तिची लेकरं रेशनच्या लाल मिलोवर, परदेशातून आलेल्या हलक्या ज्वारीवर होती. बाने बंडी जुंपली, मी हाकायला बसलो.

नाक्यावर बांबू आडवा. शिपाई माझ्याच पत्रकाच्या पुडीतून शेंगदाणे खात होता.

“काय नेऊन राह्यले?”

“ज्वारी. पोरीले,” बा म्हणाला.

“जमत नाही.” त्याने पुडी उलगडून माझ्याकडे पाहिलं. “हे तुमचंच ना, पुढारी? बंडी उठवा! मंग उठवा ना इथून.”

“निजामाचा नाका इथंच होता,” मी ओरडलो. “निजाम गेला, इंग्रज गेला. हा बांबू कोणासाठी राह्यला?”

“मले काऊन इचारता? कागद वरून येते.”

एवढ्यात पलीकडून बहीण आली. तिला कोणी अडवलं नाही. बंदी ज्वारीला होती, माणसाला नव्हती. लेक भेटली की ओटी भरायची. ते काम बाईचं, पण आई घरी राहिलेली. बाने पोत्याचं तोंड सोडलं, बहिणीने पदर पसरला. पाच मुठी झाल्या. सहावी भरून बा थांबला आणि शिपायाकडे पाहू लागला.

“ओटी असू द्या,” शिपाई म्हणाला. “पण पाचच.”

बाने सहावी मूठ पोत्यात सोडली.

“लई उपकार झाले, साहेब.”

उपकार! आपल्या रानातल्या, आपण राखलेल्या ज्वारीसाठी! जगातल्या सगळ्या राज्यांचा इतिहास मला त्या चार शब्दांत ऐकू आला.

बहीण पदर आवळून बांबूखालून वाकून गेली.

“वळव बे बंडी,” बा म्हणाला.

मागे बंड्यांची रांग लागली होती. वळायलाही जागा नव्हती.