बांधीत रुतलेली थाळी

पोळ्यानंतरचा सोमवार: थाळीफेक स्पर्धेचे मैदान अपुरे आखले, जबाबदार, आखणी करणारे पंच. मंगळवार: माझ्या मुलीची फेक बाद ठरवली, जबाबदार, मुख्य पंच. शुक्रवार: माझा लेखी आक्षेप न वाचता परत केला, जबाबदार, स्पर्धेचे सचिव.

मी स्वतः थाळीफेकीत राज्यविजेता होतो, त्यामुळे नियम मला पाठ आहेत. तिची थाळी फेकक्षेत्राच्या दोन्ही रेषांच्या मधून गेली आणि मैदान संपल्यामुळे शेजारच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रुतली.

“भाऊ, त्या चिखलात फीता कोण नेईल? फाऊल लिहून राह्यलो,” मुख्य पंच म्हणाले.

मुलगी बांधीत उतरली आणि थाळीजवळ उभी राहिली. “बाबा, मोजल्याबिगर मी हालत नाई.”

“पोरी, धान तुडवू नको,” शेतमालकीण ओरडली, “पण हटू बी नको!”

कोणी मोजले नाही. शेवटी थाळी रुतली होती त्या जागी मी बांबूची खुंटी ठोकली. कापणीपर्यंत ती कोणी उपटणार नाही, असा शब्द त्या बाईंनी मला दिला आहे.

या स्पर्धेवरून ठरणारी राज्यसंघाची यादी कापणीनंतर जाणार आहे. फेकीचे वर्तुळ आणि खुंटी जागेवरच आहेत. मुख्य पंचांनी त्याआधी बाजाराच्या दिवशी फीता घेऊन यावे, अंतर मोजावे आणि ही फेक कोणत्या नियमाने बाद झाली, हे सर्वांसमक्ष सांगावे.