तावडेकाका फंक्शन लिहायला शिकतात

"आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर रेघाच मारता ना तुम्ही? त्यात हसण्यासारखं काय असतं गं?" असं माझी नणंद दर दिवाळीला विचारते. मी एक किस्सा सांगते. मग तिला दुसरा हवा असतो, आणि फराळाचं ताट रिकामं होईपर्यंत मी बोलत असते. किस्से जमवायला मला काही करावं लागत नाही. सोमवारी सकाळी मुलुंडला जाऊन आपल्या खुर्चीत बसायचं, बस्स. आणि आम्ही सगळे मिळून लिस्प, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला हुकूम द्यायची भाषा, शिकायला लागलो तेव्हापासून तर विचारूच नका!

आमचं ऑफिस छोटं, एका डेंटिस्टच्या बरोब्बर वर. खालून ड्रिलचा आवाज आला की आमचे दीक्षित सर नकळत गालाला हात लावतात. सर मालक. निलेश ज्युनिअर आर्किटेक्ट, इंग्लिश फाडफाड, चुका त्याहून फाडफाड. मी कल्याणी, बारा वर्षं ड्राफ्टिंग करतेय. आणि तावडेकाका. वय अठ्ठावन्न, मूळचे कणकवलीकडचे, राहायला भांडुपला. ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढायचे आणि चूक झाली की अर्ध्या ब्लेडने खरवडायची, त्या काळातला माणूस. कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकले. आता पुन्हा शिकायची वेळ आली होती.

झालं असं, की एका सकाळी सर म्हणाले, "आपला स्पीड कमी पडतोय. बाहेरच्या ऑफिसात स्क्रिप्ट लिहून चार दिवसांचं काम एका दिवसात काढतात. तीन महिन्यांत आपल्याला हे जमलं नाही, तर ड्राफ्टिंग मला बाहेर द्यावं लागेल."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला.

मी घरी व्हिडिओ बघून थोडं लिस्प शिकले होते. त्यामुळे मास्तरकी माझ्या गळ्यात पडली. रोज दुपारी डबा झाला की अर्धा तास क्लास!

*

पहिल्या आठवड्यात मी फंक्शन शिकवलं. म्हणजे काम कसं करायचं ते मशीनला एकदाच लिहून द्यायचं, त्याला एक नाव द्यायचं, आणि मग नाव टाइप केलं की मशीन ते काम करून दाखवणार.

काकांनी लगेच बसून दाराचं फंक्शन लिहिलं. नऊशे मिलिमीटरचं दार. नाव टाइप केलं आणि टक्कन दार उमटलं! काका एवढे खूश, की चहावाल्याला बोलावून दाखवलं.

सोमवारी आले तेव्हा त्यांच्याकडे अकरा फंक्शनं होती. दार साडेसातशेचं, दार आठशेचं, दार नऊशेचं, दार हजारचं... प्रत्येकाला वेगळं नाव. अख्खा रविवार बसून लिहिली होती.

मला कसंतरीच झालं. कारण त्या दिवशीचा माझा धडाच आर्ग्युमेंटचा होता. मी हळूच म्हटलं, "काका, फंक्शन एकच लिहायचं. आकडा आत ठेवायचा नाही, बाहेरून द्यायचा. प्रत्येक वेळी आपण जो आकडा हातात देतो ना, त्याला आर्ग्युमेंट म्हणतात."

काका म्हणाले, "म्हणजे माप."

"हो, माप."

"मगे शुक्रवारी सांगूक काय झाला होता गो तुका? आयतवार गेलो ना माझो!"

*

आता मापं द्यायची म्हटल्यावर क्रम आला. फंक्शन लिहिताना आधी रुंदी, मग लांबी असं लिहिलं असेल, तर देतानाही त्याच क्रमाने द्यायचं. मशीन विचारत नाही. पहिला आकडा दिसला की ती रुंदी, संपलं.

हे मी निलेशला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बेसिक आहे यार."

मग त्याने सात मजल्यांचे खांब फंक्शनने काढले. खांब दोनशेतीस बाय साडेसातशे. भिंतीच्या आत लपून बसावेत असे. निलेशने मोठा आकडा आधी दिला. सगळे खांब आडवे झाले आणि प्रत्येक हॉलमध्ये अर्धा अर्धा मीटर पुढे आले.

सर प्रिंट बघून शांतपणे म्हणाले, "सोफा कुठे ठेवायचा?"

"सर, आकडे तर करेक्ट आहेत. दोनशेतीस पण आहे, साडेसातशे पण आहे!"

"मीठ पण पांढरं, साखर पण पांढरी. तू चहात काय घालतोस?"

*

दुसऱ्यांच्या चुका सांगतेय म्हणजे मी सुटले असं नाही. माझी तर जास्त गाजली.

दार उघडं दाखवताना त्याची फळी भिंतीपासून नव्वद अंशांत काढायची असते. मी मोठ्या ऐटीत कोनालासुद्धा आर्ग्युमेंट केलं आणि दिले नव्वद. पण लिस्प अंशांत मोजत नाही, रेडियनमध्ये मोजतं. एक रेडियन म्हणजे सत्तावन्न अंशांच्या वर. माझं प्रत्येक दार स्वतःभोवती चौदा वेळा गरागरा फिरलं आणि भलत्याच ठिकाणी थांबलं. कोपऱ्यातली दारं तर सरळ शेजारच्या भिंतीत घुसली.

मी मान वर न करता प्रिंट काढली. काकांनी ती उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि खूप वेळ बघत उभे राहिले.

"गो चेडवा, ह्यां दार की भूत? भिंतीतसून आरपार जाता!"

मी रेडियनचं सगळं समजावून सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली. "म्हणजे काटकोन म्हणजे काय, तांसुद्धा ह्या मशीनीक समजावचा लागता? आणि सर म्हणतत, ह्यां आमच्यापेक्षा हुशार!"

*

दोन महिने झाले तेव्हा आमची सगळ्यांची फंक्शनं एका कॉमन फाइलमध्ये ठेवायची असं ठरलं. सकाळी सॉफ्टवेअर चालू केलं की ती फाइल आपोआप प्रत्येकाच्या मशीनवर यायची. झकास चाललं होतं.

मग निलेशने दोन बिंदूंमधली लांबी काढायचं एक फंक्शन लिहिलं आणि त्याला नाव दिलं लेंग्थ. आता लेंग्थ नावाचं फंक्शन लिस्पमध्ये जन्मापासून आहे. आमची निम्मी फंक्शनं आतून त्यालाच हाक मारायची. त्या सकाळी हाक मारली आणि ओ दिली निलेशच्या फंक्शनने! जुन्याला एक आर्ग्युमेंट पुरायचं, निलेशचं दोन मागायचं. प्रत्येक स्क्रीनवर एकच लाल ओळ, आर्ग्युमेंट कमी पडलेत. आणि दुपारी तीनला नकाशे महापालिकेत द्यायचे होते.

मी रडकुंडीला आले. निलेश इंटरनेटवर शोधत होता. सर माझ्या खुर्चीमागून निलेशच्या खुर्चीमागे आणि तिथून परत माझ्यामागे, असे फेऱ्या मारत होते. आणि कोपऱ्यात तावडेकाकांची मात्र टकाटक, टकाटक दारं उमटत होती.

सर थबकले. "तावडे, तुमचं कसं काय चालतंय?"

काकांनी मशीनच्या मागे लावलेला पेन ड्राइव्ह दाखवला. कॉमन फाइल त्यांनी आपल्या मशीनवर पहिल्या दिवसापासून बंदच ठेवली होती. स्वतःची फंक्शनं डब्याच्या पिशवीतून घेऊन यायचे.

"साहेब," काका म्हणाले, "मी निलेशच्या हातचा खातंय नाय."

नकाशे तीनला दहा मिनिटं कमी असताना गेले. सगळे काकांच्या मशीनवरून.

*

त्यानंतर नियम झाला की लिस्पमध्ये आधीच असेल असं नाव वापरायचं नाही. निलेश म्हणाला, मग प्रत्येक नाव आधी तपासत बसावं लागणार. काका म्हणाले, "कित्याक? मालवणीत ठेवा. तां कोणी घेतलेला नसतला."

आणि खरंच त्यांनी ठेवली! खांबाचं फंक्शन खांबो, जिन्याचं चढ, आणि नको असलेल्या रेघा पुसायचं फंक्शन केर. एकदाही भांडं वाजलं नाही.

एवढंच करून थांबले असते तर ठीक. पण फंक्शनने माणसाकडून आकडा मागून घ्यायचा, तर स्क्रीनवर काहीतरी प्रश्न लिहावा लागतो. काकांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'माप खंय?' म्हणजे माप कुठे आहे.

ती फंक्शनं आम्ही घाटकोपरच्या इंटिरिअर डिझायनर हेतलबेनना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. मी स्पीकरवर टाकला.

"तावडेभाई, तुमचा सॉफ्टवेअर मला सारखा विचारते, माप खाय? माप खाय? अरे, पण माप कोण खाय?"

काका डब्यातली कोशिंबीर खात होते. घास गिळून म्हणाले, "कोण खाणार, हेतलबेन? बिल्डर!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगते.

तिसऱ्या महिन्यात एका सोसायटीच्या कामात शुक्रवारी सगळ्या खिडक्यांची मापं बदलून आली. एकूण बावीस नकाशे. पूर्वी आठवडा गेला असता. काकांनी त्यांचं फंक्शन काढलं, नवी मापं दिली आणि जेवणाच्या आधी काम संपवलं. सर बाहेर साइटवर होते. मी म्हटलं, "काका, लवकर निघा आज. काकू खूश होतील."

ते काही उठले नाहीत. प्रिंट काढल्या, फूटपट्टी घेतली आणि एकेक खिडकी मोजायला बसले. लाल पेन्सिलीने एकेक टिक. पाच वाजले, साडेपाच वाजले. सर आले, बघत उभे राहिले.

"तावडे, मशीनने केलंय ना? मशीन चुकत नाही हो."

"मशीन चुकाचा नाय, साहेब. पण तेका शिकयलंय कोणी? मियाच मां!"

सर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. दुसरी पट्टी मागून घेतली आणि उरलेल्या खिडक्या दोघांनी मिळून मोजल्या. काम बाहेर देण्याचा विषय त्यानंतर आमच्या ऑफिसात निघाला नाही.

*

आणि आता हा. नणंदेला हा मी अजून सांगितलेला नाही.

भांडुपमधल्या एका चाळीचं रिडेव्हलपमेंटचं काम आमच्याकडे आलं. अठ्ठावीस बिऱ्हाडं. योगायोग असा, की ती काकांचीच चाळ. नकाशे झाले, मीटिंग झाली, पुरुषांनी माना डोलावल्या आणि काम अडलं! चाळीतल्या बायका सह्याच देईनात. हॉल पसंत, बेडरूम पसंत, मग अडलंय कुठे? विचारलं तर एकेक जण एकेक सांगायची. सर दोनदा जाऊन आले, हात हलवत परत.

शेवटी काका म्हणाले, "रविवारी मी बघतंय."

रविवारी त्यांनी चाळीच्या पॅसेजमध्ये टेबल टाकलं, लॅपटॉप उघडला, बरोबर मला नेलं. स्वयंपाकाच्या ओट्याचं त्यांनी फंक्शन लिहून आणलं होतं. आर्ग्युमेंट एकच, उंची. बायकांना म्हणाले, "सगळ्या नकाशांत ओटा साडेआठशेचा दाखवलाय. कोणाला चालणार नाही तिने पुढे या."

सगळ्याच पुढे आल्या.

सुर्वेवहिनींची उंची जेमतेम पावणेपाच फूट. म्हणाल्या, "आयुष्यभर पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या. नव्या घरात पण पाट?" पाठीचं ऑपरेशन झालेल्या परबकाकूंना वाकायचं नव्हतं, त्यांना उंच हवा होता. एक नवी सून सासूसमोर काही बोलेना, तर सासूनेच तिला भिंतीला उभं केलं आणि म्हणाली, "हिचं माप घ्या. यापुढे हीच करणार आहे!" मी टेपने कोपरापर्यंतची उंची मोजत होते, काका आकडा देत होते, स्क्रीनवर त्या घराचा ओटा वर-खाली होत होता. आपला ओटा बघितला की बाई सही करून मोकळी.

सोमवारी काकांनी नकाशांचा गठ्ठा सरांसमोर ठेवला. सर एकेक कागद उलटत गेले. सातशेनव्वद. नऊशेवीस. आठशेदहा.

"तावडे, एका बिल्डिंगमध्ये इतक्या उंचींचे ओटे? लोक काय म्हणतील?"

"साहेब, बायकाच इतक्या उंचीच्या आसत."

सर हसले, पेन उघडलं आणि सह्या करायला लागले. शेवटच्या कागदापाशी थांबले. गठ्ठा पुन्हा मोजला.

"अठ्ठावीस घरं ना? हे तर सत्तावीसच आहेत. कोणाचं राहिलं?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. आता सांगायला हवं, की काका पावणेसहा फुटांच्या वर आहेत, काकू त्यांच्या खांद्याला लागतात, आणि रविवारचं मासळीचं कालवण गेली तीस वर्षं काका स्वतः करतात, कोणाला हात लावू देत नाहीत.

"आमचां रवलां," काका म्हणाले.

"तुमचंच? फंक्शन तुमचं आणि तुमच्याच घरचा ओटा नाही? का?"

"काय करतलंय, साहेब? आर्ग्युमेंट चालू आसा!"