बी पडण्याआधी

बावडा गावाच्या अलीकडे माझे थोरले चुलते मेंढरं राखतात. घरामागं माळ, माळाच्या टोकाला ओढा, ओढ्यापलीकडं एक उतार. त्या उतारावर दसऱ्याआधी मेंढरू घालायचं नाही, असा घरचा नेम होता. तोवर पवना आणि मारवेल या गवतांचं बी पिकून मातीत पडतं. मग कितीही चरलं तरी पुढच्या पावसात उतार पुन्हा हिरवा होई.

पुढं माळावर कालव्याचं पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. उजनी धरणाच्या काठाला जायच्या वाटाही उसात गेल्या. मेंढरं तेवढीच राहिली, चराई मात्र आक्रसली. पावसानं ओढ दिली त्या वर्षी चुलत्यांनी भाद्रपदातच कळप ओढ्यापलीकडं नेला.

चुलती बांधावरून ओरडली, "अवो, बी तरी पडू द्या!"

"बी पडंस्तवर मेंढरं पडतील."

पुढच्या वर्षीही तेच झालं. तिसऱ्या पावसाळ्यात उतार लांबून हिरवा दिसत होता. जवळ गेल्यावर कळलं, ते सगळं कुसळी गवत होतं. मधे मधे तरवड, ज्याला मेंढरू तोंड लावत नाही. कुसळी कोवळी असताना खाल्ली जाते. पिकली की तिची कुसळं लोकरीत शिरतात, कातडीत रुततात. कोकरांच्या ओठांना फोड आले. चुलते दारात बसून चिमट्यानं कुसळं उपसत. शेजारच्या वाडीचा मेंढपाळ जाता जाता म्हणाला, "आबा, मेंढरं पाळलीत का साळिंदरं?" चुलते हसले नाहीत.

त्यांनी उतार पुन्हा बंद केला. निम्मी मेंढरं विकली. चारही बाजूंना बाभळीच्या फांद्या लावल्या. मी गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी मला बोराटीची एक जाळी दाखवली. मेंढरांचं तोंड काट्यांत पोचत नाही, म्हणून आत पवन्याचा एक ठोंब टिकला होता. तुऱ्यात बी धरत होतं.

"एवढ्यानं उतार भरंल का?" मी विचारलं.

"काय ठावं. पर बोराटी शेरडं खात्यात."

घरात दुधाला ठेवलेली दोन शेरडं होती, ती त्यांनी मी यायच्या आधीच विकून टाकली होती. चुलतीनं माझ्यापुढं कप ठेवला. चहा काळा होता.

"दसऱ्याला बी पडलं की आणू शेरडं. तवर समद्यांनी असाच प्यायचा," ती म्हणाली. चुलते उताराकडं बघत होते.