गणपतीची भिंत

"माझो हात दुखता. तू जरा भर गो."

असं म्हणणाऱ्या आमच्या रंगाऱ्याचा हात कधीच दुखत नसे, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी घरोघरी गणपतीच्या मागची भिंत रंगवतात. हा तांबड्या कावेने नुसत्या रेषा ओढायचा, घरातल्या एखादीच्या हातात कुंचला द्यायचा आणि खांदा चोळत ओसरीवर विडी ओढायला जायचा. घरातली सून कमळाच्या पाकळ्या भरत बसे. त्याची विडी तिच्या पाकळ्या संपेपर्यंत पुरायची.

तुम्हाला वाटेल, मोठा कलावंत असणार. छे. एरवी तो होड्यांना रंग द्यायचा, आणि चित्रकलाही त्याच बेताची. मोर काढला तर कोंबडा निघे. एका घरी सिंहाचं मांजर झालं, तेव्हा घरधनी म्हणाला की आता आमच्या गणपतीचा उंदीर पळून जाणार. त्याने शांतपणे मांजराला आयाळ काढली आणि चहा मागितला.

तरी बायका त्यालाच बोलवायच्या. तारकर्लीच्या एका घरात दोन जावांमध्ये अबोला होता. याने एक लांब वेल काढली आणि एकीला एका टोकाला बसवलं, दुसरीला दुसऱ्या. हिरव्या रंगाची करवंटी एकच. वेलीच्या मध्यापर्यंत दोघी बोलू लागल्या होत्या, भांडल्याही असतील. पण मुक्या राहिल्या नाहीत.

आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. माझं बंदरावर शिवणकामाचं दुकान होतं. त्या साली चैत्रात आमची मुलगी तापाने गेली. सात वर्षांची होती, एकुलती एक.

त्यानंतर आमच्या घरात काही झालं नाही. रडारडही नाही. बायकोच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पाणी भरलं, जेवण झालं, दार लाव, एवढंच बोलणं. मुलीचं नाव दोघांपैकी कोणी घेत नव्हतं. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. तो धीर नव्हता. ती हळूहळू जेवण टाकत चालली होती, उन्हाळाभर वाळत गेली. ही अशीच राहिली तर हीसुद्धा जाईल, हे मला दिसत होतं. दिसत होतं, पण भीती वाटत नव्हती. मी मशीन चालवत होतो, लोकांच्या पोरींचे परकर शिवत होतो. हातांना काम कळत होतं, मला काहीच कळत नव्हतं.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं तिथे भिंत रंगवत नाहीत. गणपती येतो, पण मागे नुसता चुना. तरीही श्रावणात हा न बोलावता आला. औंदा रंगवायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, चुना तर लावायला हवा. आणि आत शिरला.

दोन हात चुना झाला, वाळला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्याने विचारलं, "वयनी, चेडू केवडा होता?"

मुलीची उंची विचारत होता. मी घरच्या मशीनवर होतो, पाय थांबवला. बायको बाहेर आली. तिने भिंतीवर हात ठेवला, तिच्या कमरेच्या जरा वर.

त्याने तेवढ्या उंचीची रेघ मारली. मग दोन हात, दोन पाय, परकर. "रंग खंयचो?" त्याने विचारलं. "हिरवो," ती म्हणाली, "काठ तांबडो." तो परकर मीच शिवला होता. नंतर त्याचा हात दुखू लागला आणि कुंचला तिच्याकडे गेला. संध्याकाळपर्यंत ती परकर भरत होती. तोंड मात्र कोरंच राहिलं, कारण माणसाचं तोंड त्याला जमायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी माझी आते आली आणि कपाळाला हात लावून बसली. गेलेल्या माणसाचं चित्र गणपतीच्या मागे? असं कोणी करतं का? तिचंही चुकलं नव्हतं, आमच्यात ते चालत नाहीच. तिने त्याला बोलावून घेतलं. तो मान खाली घालून उभा राहिला. चूक झाली, म्हणाला. चुना आणतो, म्हणाला.

चुना आला, तो बायकोने घेतला. ती पायांपासून वर पुसत गेली. परकरापाशी हात अडला. मग तिने मुलीचं नाव घेऊन जो हंबरडा फोडला, तो होड्या लागतात त्या तरीवर ऐकू गेला असेल. ती रडत होती आणि चुना ओढत होती. तिला वाकावं लागू नये म्हणून तो बादली वर धरून उभा होता, आणि त्याच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. मी दारात होतो. मला काही झालं नाही. त्या दोघांचा हेवा तेवढा वाटला.

त्या रात्री ती जेवली. पुढे पुढे आल्यागेल्याशी मुलीबद्दल बोलू लागली, एकदा तर तिच्या खोड्या सांगताना हसली. मी अशा वेळी उठून दुकानात जात असे.

दोन-तीन वर्षांनी तो छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. भेटायला गेलो तर अंगाची नुसती काडी झालेली. इकडचं तिकडचं बोललो. निघताना त्याने माझा हात धरला.

"दादा, चेडवाचा नाव काय होता? माझा इचारूचाच ऱ्हवला."

नाव त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? बादली धरून त्याने ते ऐकलं होतं. तो हात सोडीना. शेवटी सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"बरा नाव," तो म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला.

त्याला पुढची चतुर्थी दिसली नाही. आता भिंतीला दुसरा रंगारी येतो. त्याचे मोर मोरासारखे असतात, आणि कुंचला तो कोणाला देत नाही.

त्याला भेटून त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा बायको चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"तेणी आज शेवंतीचा नाव इचारल्यान," मी म्हणालो.

तिने फुंकणी बाजूला ठेवली आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.