अंड्याचा बलक

आमच्या घरात अंडं येत नाही. तरी बाळंतपणानंतर माझे केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा सासूबाईंनीच एक आणवलं आणि गॅलरीत बसून, नाकाला पदर लावून, वेगळ्या काढलेल्या वाटीत फोडलं. वाटीत तेल आणि पाणी एकमेकांपासून फटकून होती. बलक पडला, त्यांची बोटं फिरली, आणि दोन्ही मुकाट्यानं एकजीव झाली. नुसतं एका छपराखाली राहून माणसं तरी कुठे मिसळतात?

"गार पाण्यानं धू हं, नाहीतर केसांतच शिजेल."

डोक्याला चोळायला मात्र दोन्ही हात लागतात. नाकावरचा पदर सुटला.

"आई, वास येतोय ना?"

"येऊ दे. तू मान हलवू नकोस."