साहेब येणार म्हणून घासलेले हंडे

फुकट व्हिनेगर वाटणाऱ्यांचं मी कधी भलं चिंतणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव रोह्याजवळ, कारखान्यांच्या खालच्या अंगाला. नळाला पाणी येतं, दिसायला बरं दिसतं. पण काही दिवस भरत राहिलं की हंड्याला आतून पिवळट खपली धरते आणि काठाशी तपकिरी वळं उमटतं. चिंचेनं घासा, राखेनं घासा, हटत नाही. तेच पाणी आम्ही पितो. नमुना घ्यायला सरकारी माणूस येतो तो दिवसाढवळ्या, आधी कळवून, आणि नेमकं त्या दिवशी नळाला असं नितळ पाणी येतं की बघत राहावं. मग अहवाल येतो: पाणी पिण्यायोग्य.

म्हणून मी हंड्यांवर भिस्त ठेवली होती. नमुना एका दिवसाचा असतो, खपली महिन्यांची असते. पाणी खात्याच्या मोठ्या साहेबांची पाहणी सोमवारी ठरली, तशी मी दारोदार फिरले. हंडे घासू नका, आहेत तसे ओटीवर मांडा, एवढंच मागणं. साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं असतं तर गावाला दुसरीकडून पाण्याची लाईन मिळायची आशा होती. सगळ्या म्हणाल्या, "व्हय गो, व्हय."

आणि पाहणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, गावातल्या बायकांची सहल निघाली. खर्च कंपनीचा. कुठली कंपनी, ते सांगायला हवं का? जिचा सांडपाण्याचा पाईप आमच्या वरच्या अंगाला आहे, तीच. योगायोग म्हणायचं त्यांनी म्हणावं.

मी गेले ती लक्ष ठेवायला. बस रोह्याच्या अष्टमीहून निघाली आणि खांब गावापाशी हायवेला लागेपर्यंत कंपनीच्या मॅडमनी प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी ठेवली होती. पिशवीत पांढऱ्या व्हिनेगरची बाटली आणि एक रंगीत पत्रक. मी स्वतः पत्रकं लिहिते, त्यामुळे मान्य करते, पत्रक चोख होतं. टाईप मोठा, वाक्यं छोटी. फ्रीजचा वास घालवा. खिडकीच्या काचा चमकवा. नळावरची खपली काढा. खपली येते कुठून, याबद्दल एक अक्षर नाही.

"मॅडम, पाण्यात काय सोडता ते पण छापा की," मी म्हटलं.

मॅडम गोड हसल्या. आईनं मला कोपरानं ढोसलं. "गप बस गो. वर्षातून एकदा भाईर पडलोय."

पेणच्या पुढे कुणा शेठनं हौसेनं जमवलेल्या जुन्या गाड्यांचं म्युझियम आहे. मोठी शेड, खाली फरशी, प्रत्येक गाडीभोवती दोरी आणि हात लावू नका अशी पाटी. कुठली गाडी कुठल्या संस्थानिकाची, हे गाईड पाठ केल्यासारखं सांगत होता. एकही चालू नव्हती. त्या गाड्यांना रोज पुसायला माणसं ठेवलीत, आणि आमच्याकडे पाईप कुठे फुटतो ते बघायला माणूस मिळत नाही. मला तिथं एक क्षण थांबवेना.

बायकाही कंटाळल्या होत्या. शेजारची काकी तर म्हणाली, "आमच्या गावात बंद पडलेल्या रिक्षा हायत, त्यांना कोण दोरी बांधत नाय." मग गाईडनं एका गाडीच्या पितळी दिव्यांवर बॅटरी मारली आणि म्हणाला, "ही चमक व्हिनेगरची बरं का. व्हिनेगर, मीठ आणि मैदा."

एका क्षणात सगळ्या दोरीला चिकटल्या.

"स्टीलला चालतं?"

"आणि पान्याची खपली?"

"बाटली ओता, रात्रभर मुरू द्या, सकाळी चोळा. नवं भांडं," गाईड म्हणाला.

मी तिथंच ओरडले, "हंड्यांना लावायचं नाही हां कोणी! उद्या पाहणी आहे!"

"व्हय गो, व्हय," सगळ्या म्हणाल्या.

येताना पेणला पोहे, पापड घेतले आणि गाणी म्हणत घरी आलो.

सोमवारी सकाळी मी साहेबांना घ्यायला फाट्यावर गेले. परत आले तर प्रत्येक ओटीवर हंडे मांडलेले. माझ्या सांगण्याप्रमाणे, रांगेत. आणि सगळे लखलखीत. आत तोंड दिसेल असे. गावभर व्हिनेगरचा आंबूस वास.

मी आईकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "मोठा सायेब घरी येनार, नि घानेरडी भांडी मांडू? लोक काय म्हनतील?"

साहेब हंड्यात वाकले. "स्वच्छता चांगली आहे तुमच्याकडे."

मी मोबाईलमधले खपलीचे फोटो काढून दाखवले. ते म्हणाले, "फोटो काय, कुठल्याही गावचे असू शकतात." तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. साहेब चहा प्यायले, छान झालाय म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले. वहीत काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

मग माझा तोल गेला. ओटीवरच मी आईला आणि काकीला काय काय बोलले. कंपनीनं तुम्हाला एक बाटली दिली, तुम्ही तिचा गुन्हा स्वतःच्या हातानं धुऊन दिला, असं बोलले. काकी उलट माझ्यावरच उखडली. "सायेबाला काय तरास झाला असता तर? म्हनून तर चहाला विकतच्या बाटलीतलं पानी आनलं."

विकतचं पाणी. साहेबांच्या चहाला. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं.

दुपारी मी नवा अर्ज लिहायला घेतला. त्यात मागणी एकच: पुढची पाहणी न कळवता व्हावी. आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "न सांगता? नि घरात विकतचं पानी नसलं तर चहा कशाचा करू?"

"नळाच्या पाण्याचा कर."

"पावन्याला? असलं पानी?" तिला खरोखर राग आला होता.

"मला देतेस की रोज," मी म्हटलं.

ती तडक उठली. आत गेली, भांड्यांचा आवाज करत राहिली. बऱ्याच वेळानं हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सही कुठं करायची ती दाखव." तिनं केली. काकीला हाक मारून तिचीही घेतली.

"पन आला की चहा मीच करनार," आई म्हणाली. "नळाचा. दोन कप पाजीन मेल्याला."