मोकळ्या ओळीवरचा आमदार

व्हर्लिन स्ट्राउड आमदार झाला तो दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून, आणि पुढं वीस वर्षं आमदार राहिला तोही त्याच कारणानं. त्याचं टायरचं दुकान होतं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या त्या गावात प्रत्येकाचं चाक कधी ना कधी पंक्चर व्हायचंच, त्यामुळे त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. एवढ्या भांडवलावर गावानं त्याला घोड्यावर बसवलं.

गाडी नाही, शिपाई नाही, कचेरीसुद्धा नाही. दर हिवाळ्यात दुकान मेहुण्याच्या गळ्यात घालायचं आणि अधिवेशनासाठी राज्याच्या राजधानीत, शायेनला, मोटेलच्या खोलीत जाऊन राहायचं. दिवसभर पाण्याच्या हक्कांवरचे आणि खाणींच्या करांवरचे वाद ऐकायचे, संध्याकाळी डब्यातलं सूप गरम करायचं. गावी परतला की लोक त्याला किराणा दुकानात गाठत. कुणाचा रस्ता, कुणाचा हरणाच्या शिकारीचा परवाना, कुणाची शाळेची बस. चीजच्या फडताळापाशी उभा राहून तो सगळं ऐकून घ्यायचा. नाही म्हणणं त्याच्या जिभेवर कधी आलंच नाही आणि गावानं ते बरोबर हेरलं होतं.

त्याची बायको नदीन कधी तक्रार करत नसे. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हिमवादळानं महामार्ग बंद होता आणि व्हर्लिन शायेनमध्ये अडकून पडला होता. शेजारणीनंच सगळं निभावलं. तो परतल्यावर नदीन त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही आणि तेच त्याला खात राहिलं. शेवटी त्यानं तिला शब्द दिला, आता पुरे, यापुढचे हिवाळे घरीच.

या खेपेला त्यानं उमेदवारीचा अर्ज भरलाच नाही. दुसऱ्याही कुणी भरला नाही. मुदत टळली तसा त्याला किती वर्षांनी मोकळा श्वास घेता आला.

पण तिथल्या मतपत्रिकेवर खाली एक मोकळी ओळ असते. मनात असेल त्याचं नाव मतदारानं तिथं आपल्या हातानं लिहावं, तेही मत मोजलं जातं. गावाला वाटलं, म्हातारा अर्ज भरायचा विसरला बिचारा, आपणच सांभाळून घेऊ. कॅफेवाली मार्ज तर कॉफी ओतता ओतता प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं नाव लिहायची आठवण करून देत होती. व्हर्लिननं नको नको म्हटलं, ते लोकांनी त्याच्या विनयात जमा केलं. मतमोजणी झाली आणि तो निवडून आला.

मार्ज घरी भाजलेला ॲपल पाय थाळीत घेऊन दारात हजर झाली. "तुला काय वाटलं, आम्ही तुला वाऱ्यावर सोडू?"

"मला सुटायचं होतं, मार्ज."

"हो हो, आमदार सगळे असंच म्हणतात," म्हणत तिनं थाळी त्याच्या हातात कोंबली.

तो स्वयंपाकघरात आला आणि नदीनला म्हणाला की उद्या जाऊन नकार देतो, गाव काय बोंबलायचं ते बोंबलू दे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजाला धार आली होती.

नदीन बशा पुसत होती. "नकार देऊ नकोस," ती म्हणाली.

"तुला शब्द दिलाय मी."

"मी कुठं मागितला होता?" तिनं हातातली बशी खाली ठेवली. "त्या ओळीवर मीही तुझंच नाव लिहिलं."

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"पहिले काही हिवाळे मी रडून काढले, व्हर्लिन. तू तिकडे होतास, तुला कसं कळणार? मग सवय झाली. मग आवडायला लागलं. आता ते महिने माझे आहेत. तेवढे माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

वीस वर्षं ज्या घराकडे डोळे लावून त्यानं दिवस काढले होते, त्या घरात तो उभा होता आणि आता कुठं जावं हे त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं निवडणूक कचेरीत जाऊन मान्यतेच्या कागदावर सही केली. वाटेत भेटेल त्यानं हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तो घरी आला तेव्हा नदीननं त्याची बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. अधिवेशनाला अजून दोन महिने अवकाश होता.